बंदी नाही, परवानगीही नाही : क्रिप्टोच्या कायद्यात अडकलेला नागरिक

(तरुणांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पैशांचे व्यवहार इकडून तिकडे नेणाऱ्या यंत्रणांचं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे नात्यातली, मोहल्ल्यातली मुलं मला क्रिप्टोबद्दल दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, ‘भाईजान, हे हलाल आहे का?’ आणि दुसरा, ‘हे कायदेशीर आहे का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा माझा अधिकार नाही. एवढंच सांगतो की उलेमांमध्ये यावर एकमत नाही. इजिप्तच्या मुख्य मुफ्तींनी २०१८ च्या जानेवारीत बिटकॉइनच्या व्यवहाराविरुद्ध फतवा दिला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनं २०२१ मध्ये चलन म्हणून क्रिप्टोचा वापर हराम ठरवला. अटी घालून त्याला मान्यता देणारे अभ्यासकही आहेत. म्हणून ‘हलाल कॉइन’ अशी पाटी लावून कुणी काही विकत असेल, तर हे कुणी ठरवलं आणि त्यात त्याचा फायदा किती, एवढं विचारून घ्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. किमतीची अनिश्चितता, फसवणूक, कुणाचीच जबाबदारी नसणं, हे जे आक्षेप मुफ्तींनी घेतले, तेच अनेक देशांच्या अर्थमंत्र्यांनीही घेतले.

आज बोलायचं आहे ते दुसऱ्या प्रश्नावर. भारतात क्रिप्टो कायदेशीर आहे का? याचं खरं उत्तर असं की त्यावर बंदी नाही आणि परवानगीही नाही. आणि या मधल्या जागेत सरकार अडकलेलं नाही, तुम्ही-आम्ही अडकलेलो आहोत.

आधी ही जागा तयार कशी झाली ते पाहू.

६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं एक परिपत्रक काढलं. क्रिप्टो बाळगणं गुन्हा आहे, असं त्यात कुठेच म्हटलं नव्हतं. त्यात फक्त बँकांना आदेश होता की क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्या कुणालाही सेवा देऊ नका. इंजिनिअर म्हणून मला हा आदेश नीट समजतो. बिटकॉइनचं जाळं बंद करायला कुठे एखादा सर्व्हर नाही की जिथे जाऊन वायर उपटावी. जगभरातल्या हजारो संगणकांवर तीच एक वही ठेवलेली असते. सरकारचा हात पोचतो तो दोन टोकांना, म्हणजे जिथे रुपये देऊन नाणं घेतलं जातं तिथे आणि जिथे नाणं देऊन रुपये परत मिळतात तिथे. ती दोन्ही टोकं बँकेत होती. विहीर बुजवता येत नाही म्हणून रहाटाचा दोर कापला, असा तो प्रकार.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ४ मार्च २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं परिपत्रक रद्द केलं. तो निकाल तुम्ही वाचावा असं मला वाटतं, क्रिप्टोसाठी नव्हे, नागरिकशास्त्रासाठी. रिझर्व्ह बँकेला अधिकारच नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. उलट अधिकार आहे, असंच म्हणालं. पण अधिकार असला तरी तो किती वापरायचा याला माप असतं. एखादा व्यवसाय कायद्यानं बंद नसताना त्याचा बँकेचा मार्ग तोडायचा असेल, तर आपल्या अखत्यारीतल्या बँकांचं त्यामुळे काही नुकसान झालं हे रिझर्व्ह बँकेनं दाखवायला हवं होतं, आणि ते तिनं दाखवलं नाही. कलम १९ नं दिलेलं व्यवसायाचं स्वातंत्र्य नुसत्या भीतीपोटी काढून घेता येत नाही, हा त्याचा मथितार्थ.

यानंतर सरकारनं संसदेत कायदा करायला हवा होता. मसुदा तर २०१९ मध्येच तयार होता. वित्त मंत्रालयाच्या तत्कालीन सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीनं संपूर्ण बंदी सुचवली होती आणि त्या मसुद्यात १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२१ मध्ये असं विधेयक संसदेच्या कामकाजाच्या यादीत लागलं, पण मांडलं गेलं नाही. बंदी घातली नाही, नियमनाचा कायदाही केला नाही. मग १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात कर आला. नफ्यावर सरसकट ३० टक्के, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करायची सोय नाही. त्या वर्षीच्या १ जुलैपासून ठरावीक मर्यादेवरच्या व्यवहारांत १ टक्का टीडीएस. कर लावला म्हणजे मान्यता दिली असं समजू नका, हेही सरकारनं तेव्हाच स्पष्ट केलं.

या करामुळे पेमेंटचं काय झालं बघा. समजा, तुम्ही बिटकॉइन देऊन एखाद्याची जुनी मोटारसायकल घेतलीत. कराच्या दृष्टीनं तुम्ही बिटकॉइन विकलं. त्यावर तुमचा नफा काढा, ३० टक्के भरा. रक्कम मर्यादेवर गेली, तर बिटकॉइन घेणाऱ्यानं टीडीएसचं बघायचं. असा हिशेब ठेवून कोण वाणसामान घेईल? म्हणजे ‘क्रिप्टोनं पैसे देऊ नका’ असं कुठल्याही कायद्यात न लिहिता क्रिप्टोनं पैसे देणं जवळपास अशक्य केलं गेलं.

मी नियमनाच्या विरोधात नाही, हे इथे स्पष्ट सांगतो. चलन ही सार्वजनिक गोष्ट आहे. तुमच्या बँकेतल्या ठेवीवर ५ लाखांपर्यंत विमा आहे, बँकेविरुद्ध लोकपालाकडे जाता येतं. २०२४ च्या जुलैमध्ये आपल्या देशातल्या एका मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली, तेव्हा त्या ठेवीदारांना असा कुठलाच विमा नव्हता. त्याआधी महिन्याला १० टक्के परताव्याचं आमिष दाखवून लोकांकडून बिटकॉइन गोळा करणारी एक योजना देशभर चालली, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली. आणि त्याच तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना २०२२ मध्ये, तपासातलंच क्रिप्टो लांबवल्याच्या आरोपाखाली, पुणे पोलिसांनाच अटक करावी लागली! तेव्हा ‘सरकारनं यात पडूच नये’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सरकारनं पडावं, पण लिखित कायदा करून पडावं.

इतर देशांचा अनुभव काय सांगतो? तुर्कस्तानात लिराची किंमत घसरत असताना तिथल्या मध्यवर्ती बँकेनं ३० एप्रिल २०२१ पासून क्रिप्टोनं वस्तू-सेवांचे पैसे द्यायला बंदी घातली. बाळगायला बंदी नव्हती. पुढच्या वर्षी महागाई ८० टक्क्यांच्या वर गेली आणि बचत वाचवायला लोक डॉलरशी बांधलेल्या नाण्यांकडे वळतच राहिले. शेवटी २०२४ मध्ये तुर्कस्तानला या व्यवसायाच्या नियमनाचा रीतसर कायदा करावा लागला.

नायजेरियाची गोष्ट आपल्यासारख्या चळवळीच्या लोकांनी जास्त लक्षात ठेवावी. २०२० मध्ये तिथे पोलिसी अत्याचारांविरुद्ध तरुणांचं मोठं आंदोलन झालं. आंदोलनाला मदत करणाऱ्या एका स्त्रीवादी गटाची बँक खाती बंद झाल्यावर त्यांनी बिटकॉइनमध्ये देणग्या घेतल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथल्या मध्यवर्ती बँकेनं क्रिप्टोवाल्यांची खाती बंद करायचा आदेश काढला. लोक थांबले नाहीत, ते आपापसांत विकू लागले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो आदेश मागे घेतला गेला.

उलट टोकाला एल साल्वादोर. तिथे २०२१ मध्ये बिटकॉइन अधिकृत चलन झालं आणि दुकानदारांनी ते स्वीकारलंच पाहिजे, असा कायदा आला. बहुतेकांनी तिकडे पाठ फिरवली, आणि २०२५ च्या सुरुवातीला नाणेनिधीच्या कर्जाच्या अटींमुळे ती सक्ती काढून टाकावी लागली. लोक पैसा कसा वापरतात हे वटहुकमानं ठरत नाही, मग तो वटहुकूम बंदीचा असो की सक्तीचा.

आता आपल्या घराकडे येतो. भारतात परदेशातून जो पैसा येतो, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा महाराष्ट्रात येतो, असं रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत दिसलं. रत्नागिरी, रायगडमधली आपली कितीतरी घरं आखातातल्या पगारावर उभी आहेत. अशा घरातल्या मुलाला कुणीतरी सांगतं की मामूंना बँकेतून पैसे पाठवायला कशाला सांगतोस, त्यांना यूएसडीटी घ्यायला सांग, तू ते इथे ॲपवर वीक, दर जास्त मिळेल. यूएसडीटी म्हणजे डॉलरशी बांधलेलं नाणं. ॲपवरचा गिऱ्हाईक अनोळखी असतो. तो तुमच्या खात्यात रुपये टाकतो, तुम्ही त्याला नाणं देता.

यात काय होतं ते पायरी-पायरीनं समजून घ्या. त्या अनोळखी माणसानं टाकलेले रुपये कदाचित हैदराबादच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला फसवून काढलेले असतात. शिक्षक १९३० वर फोन करतो. तक्रार नोंदवली जाते, पैसा कुठून कुठे गेला याची साखळी तपासली जाते, आणि त्या साखळीत तुमचं खातं सापडतं. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर तुमची बँक खातं गोठवते. ५ हजारांच्या संशयासाठी कधी सगळं खातं गोठतं, त्यात घराचा हप्ता आणि बहिणीची फीही असते. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं की गोठवायचीच असेल तर संशयित रक्कम तेवढीच गोठवावी. पण हे माहीत असायला वकील लागतो, आणि वकिलाला द्यायचे पैसे त्याच गोठलेल्या खात्यात असतात. शिवाय परदेशातला पैसा अशा आडमार्गानं घेणं फेमा कायद्यात बसत नाही, त्यामुळे तुमची बाजूही लंगडी असते. ‘खातं फक्त वापरायला दे, महिन्याला कमिशन घे’ म्हणणारा तर तुम्हाला सरळ गुन्ह्यात ओढत असतो.

आणि खात्यावरचं नाव आपल्यातलं असेल, पैसा दुबईहून आलेला असेल, तर चौकशी करणाऱ्याच्या मनात पहिला शब्द कोणता येतो, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. कायदा स्पष्ट नसला की निर्णय टेबलापलीकडच्या माणसाच्या मर्जीवर जातो. ज्याच्याकडे ओळख आहे, चार्टर्ड अकाउंटंट आहे, वकील आहे, त्याला ही अस्पष्टता परवडते. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, तो तिची किंमत मोजतो. म्हणून हा विषय फक्त गुंतवणूकदारांचा नाही, तो नागरिकत्वाचा आहे.

एक गैरसमजही काढून टाका. क्रिप्टो गुप्त असतं, असं अनेकांना वाटतं. बिटकॉइनची वही सगळ्या जगाला उघडी असते आणि तिच्यातली नोंद पुसता येत नाही. २०१६ मध्ये एका परदेशी एक्स्चेंजमधून जवळपास १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेली. त्यांचा माग काढत अमेरिकी तपास यंत्रणांनी २०२२ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी, त्यातली ९४ हजारांहून जास्त जप्त केली. भारतातही ७ मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंजना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू आहे. म्हणजे तुमची ओळख घेणं आणि संशयास्पद व्यवहार कळवणं त्यांना बंधनकारक आहे.

म्हणजे बघा, कर घ्यायला कायदा आहे, पाळत ठेवायला कायदा आहे. नाही तो फक्त तुमच्या संरक्षणाचा. मला सल जाणवते ती याची.

मग करायचं काय? स्वतःपुरतं सांगायचं तर, घरचा पैसा बँकेतून किंवा अधिकृत एक्स्चेंज हाउसमधूनच मागवा. आपलं खातं आणि सिमकार्ड कुणालाही वापरायला देऊ नका, तो सख्खा चुलतभाऊ असला तरी. क्रिप्टो घेतलंच असेल तर विवरणपत्रात दाखवा आणि प्रत्येक व्यवहाराचा कागद ठेवा. खातं गोठलं तर कुठल्या ठाण्याच्या, कुठल्या तक्रार क्रमांकावरून आणि किती रकमेसाठी, हे बँकेकडून लेखी मागा. एजंटला पैसे देऊन ‘मिटवून’ घेऊ नका.

आणि नागरिक म्हणून मागणी अशी की संसदेनं यावर उघड चर्चा करून कायदा करावा. काय चालेल, काय चालणार नाही, ग्राहकाचे पैसे बुडाले तर जबाबदार कोण, खातं किती रकमेपुरतं आणि किती दिवस गोठवता येईल, हे त्यात लिहिलेलं असावं. तो कायदा बंदीचा निघाला तर कदाचित मी त्याच्याशी असहमत असेन. पण त्याच्याशी वाद घालता येईल, त्याला न्यायालयात आव्हान देता येईल, जसं २०२० मध्ये दिलं गेलं. जो कायदा लिहिलेलाच नाही, त्याला आव्हान कसं देणार?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘भाईजान, हे कायदेशीर आहे का?’ असं विचारलं, तर त्याला ही सगळी हकिकत सांगा. आणि आपल्या भागातले खासदार भेटले की हाच प्रश्न त्यांनाही विचारा. उत्तर देणं हे त्यांचं काम आहे.