गळाची काठी घेताना

मी हिर्डोशीतून बोलतेय, आपल्या हिरडस मावळातून. आज मासे धरायच्या सामानाबद्दल बोलायचंय. काहीजणी म्हणतील, बाईमाणसानं रेडिओवर येऊन गळाच्या गोष्टी काय सांगायच्या! माझ्या सासूबाईही आधी तेच म्हणाल्या होत्या. पण आपल्या भागातल्या कातकरी बायका पिढ्यान्‌पिढ्या ओढ्यात मासे, खेकडे धरत आल्यात. हातानं, फडक्यानं, टोपलीनं. त्यांना कोणी कधी विचारलं नाही. काठी आणि रीळ हातात आली की मात्र ते पुरुषांचं काम होतं, हे काही मला पटलेलं नाही.

आमच्या घरात हे सुरू झालं ते २०२० साली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमचे हे शिरवळची कंपनी बंद झाली म्हणून घरी येऊन बसले. तांदूळ घरचा होता. भाजी संपली, हाती पैसा नव्हता. समोर नीरा-देवघरचं पाणी. दिरांनी माळ्यावरची जुनी बांबूची काठी काढली, तंगूस बांधला, आणि संध्याकाळी सात-आठ चिलापी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी मी गेले. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीन दिवस जाते. घरात खाऊन उरलेले मासे शेजारीपाजारी विकते. त्या पैशातून थोरल्याच्या बारावीच्या क्लासची फी भरली, म्हणून सांगते.

तर सामान. पहिली चूक थोरल्यानंच केली. तो मोबाइलवर अमेरिकेतल्या ‘बास’ माशाच्या शिकारीचे व्हिडिओ बघायचा. मोठ्या तोंडाचा मासा आहे तो. झाडोऱ्यात दबा धरून बसतो आणि पाण्यावर काही हललं की उडी घेतो. पोरगं म्हणालं, आई, हा तर आपल्या मरळीसारखाच वागतो! आणि ते खरंच आहे. मरळही गवतात, बुंध्यापाशी दबून असते. त्यामुळे बाससाठी जे सामान निघालंय, ते आपल्याला मरळीला चालतं. (तो मासा मात्र आपल्याकडे नाही आणि नसलेलाच बरा. जपानात बाहेरून नेऊन सोडला आणि तिथले मूळचे मासे त्यानं खाऊन कमी केले.)

तर थोरला शहरात गेला आणि अठराशे रुपयांना काठी, रीळ, दोरा, गळ, रंगीत माशांची डबी असा सगळा संच एकदम घेऊन आला. काठी दुमडून हातभर होणारी. दिसायला झकास! पहिल्याच महिन्यात मोठी मरळ लागली. यानं रिळाचा पेच गच्च आवळलेला, दोरा स्वस्तातला. माशानं एक हिसडा दिला आणि फट्‌कन तुटलं. पोरगं तिथंच मटकन बसलं. पुढच्या रविवारी काठीचं वरचं पेर जोडाशी मोडलं. अठराशे रुपये गेले. दुकानदाराला बोल लावून काय करायचं, आपण न विचारता घेतलं.

तेव्हापासून मी ठरवलं, संच घ्यायचा नाही. एकेक वस्तू घ्यायची, आणि आधी विचारायचं की मला धरायचंय काय. चिलापी, खवल्या असले लहान मासे घरच्या कालवणापुरते हवे असतील तर रीळ लागतच नाही. दहा-बारा फुटांचा सरळ बांबू, तेवढाच तंगूस, बारीक गळ, त्याच्यावर वीतभर अंतरावर शिशाचा दाणा आणि तरंगायला मोराच्या पिसाचा देठ किंवा थर्माकोलचा तुकडा. आमिषाला गांडूळ, नाहीतर कणकेची घट्ट गोळी. शंभर रुपयांच्या आत काम होतं. नवीन शिकणारीनं इथूनच सुरुवात करावी. मासा टोचून बघतोय की गिळतोय, हे त्या तरंगत्या तुकड्यावर नजर ठेवूनच कळायला लागतं.

गळाच्या नंबरचा घोळ सगळ्यांचा होतो. नंबर जितका मोठा तितका गळ लहान. दहा नंबरचा बारीक, चार नंबरचा त्याहून मोठा, एक नंबरचा आणखी मोठा. त्याच्यापुढे एक भागिले शून्य, दोन भागिले शून्य असं लिहिलेलं असतं, तिथं मात्र आकडा वाढला की गळही वाढतो. चिलापीला आठ-दहा नंबर पुरतो. गळाला धार आहे का ते नखावर टेकवून बघायचं. टोक नखावरून घसरलं तर बोथट, अडकलं तर चांगलं. शिशाचा दाणा बसवायला दातानं चावायचा नाही, आणि पोरांनाही चावू द्यायचा नाही. शिसं विषारी असतं. पक्कड घ्या.

आता मरळ, मोठे सायप्रिनस असल्यांसाठी रिळाची काठी. दुमडणारी नको; दोन पेरांची, साडेसहा-सात फुटांची घ्यावी. फायबरची जड असते पण आपटाधोपटा सहन करते. कार्बनची हलकी आणि माशाचा स्पर्श पटकन कळवणारी, पण दगडावर आपटली की बारीक चीर जाते आणि भलत्या वेळी मोडते. आमच्यासारख्या दगडगोट्यांच्या काठाला मी फायबरचीच घेतली. दुकानात रीळ बसवून काठी एका बोटावर तोलून बघा. रिळाच्या थोडं पुढे तोलली गेली तर दिवसभर मनगट दुखत नाही. काठीवरच्या कड्यांतून कापसाचा बोळा ओढून बघायचा. कुठं कापसाचे धागे अडकले तर तिथं कड्याला चीर आहे. तीच चीर दोरा कातरते. ही युक्ती कळल्यावर मी दुकानात दोन काठ्या परत ठेवल्या. दुकानदार बघतच राहिला.

रीळ साधं, पुढे फिरती कडी असलेलं, मधल्या मापाचं, २५०० किंवा ३००० लिहिलेलं. त्याची मूठ बहुतेक वेळा डावीकडे-उजवीकडे बदलता येते, तर आपल्या हाताला बरी पडेल तशी लावावी. दोरा भरताना काठोकाठ भरायचा नाही, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवायचा. जास्त भरला की टाकताना वेटोळीच्या वेटोळी बाहेर पडतात आणि तासभर गुंता सोडवत बसावं लागतं. टाकून झाल्यावर कडी हातानं बंद करायची, मूठ फिरवून नाही, म्हणजे दोऱ्याला पीळ कमी बसतो.

सगळ्यात महत्त्वाचा तो रिळाचा पेच, माशानं ओढल्यावर दोरा सुटू देणारा. माझ्या सासऱ्यांना मी विचारलं होतं, तापट बैल कासऱ्याला कसा धरता? म्हणाले, ओढला की थोडी ढील द्यायची, थांबला की घ्यायची. पेचाचं काम अगदी तेच. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर तो सुटला पाहिजे. घरी मापायची सोपी रीत सांगते. दोऱ्यावर आठ किलो लिहिलं असेल तर पाव हिस्सा दोन किलो. दोन लिटरची पाण्याची बाटली भरून दोऱ्याला बांधा आणि काठीनं उचला. बाटली जमिनीवरून सुटता-सुटता रीळ कुरकुरून दोरा सोडायला लागलं, की पेच बरोबर. थोरल्याची मरळ गेली ती एवढ्या गोष्टीपायी. आता आम्ही निघण्याआधी अंगणात बाटली उचलतो. शेजारची पोरं हसतात, हसू देत.

दोरा दोन तऱ्हेचा. साधा तंगूस ताणला जातो, दगडावर घासला तरी थोडा तग धरतो आणि स्वस्त असतो. विणीचा दोरा, दुकानात ब्रेड म्हणतात तो, तेवढ्याच जाडीत कितीतरी ताकदीचा. तो ताणला जात नाही, म्हणून दाट गवतातून मरळ उपसायला बरा. पण धारदार दगडावर तो पटकन कापला जातो, आणि हाताला गुंडाळून ओढलात तर बोट कापतो. कधीच हातानं ओढू नका. तंगुसाला ऊन सोसत नाही. पत्र्याच्या छपरात टांगून ठेवलेला दोरा वर्षात ठिसूळ होतो. धान्याच्या कोठीजवळ अंधारात ठेवा, आणि दर फेरीनंतर टोकाचा हात-दीड हात कापून टाका, कारण घासलेला तोच असतो.

गाठ ऐकून शिकणं अवघड आहे, पण सांगते. गळाच्या भोकातून टोक काढायचं, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा गुंडाळायचं, मग भोकाजवळ जो छोटा फासा राहिलाय त्यातून टोक आत घालायचं. ओढण्याआधी तोंडातल्या थुंकीनं ओलं करायचं. कोरडी गाठ ओढली की घासून तापते आणि तिथंच कमजोर होते. आधी जाड सुतळीवर पाच-दहा वेळा करून बघा. आपण गोधडी शिवणाऱ्या बायका, आपल्याला पुरुषांपेक्षा लवकर जमते.

मरळीला मी रबरी बेडूक वापरते. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर तोंड करून असतात, म्हणून गवतात अडकत नाहीत. घेताना अंगठ्यानं दाबून बघायचं. बेडूक सहज चेपला आणि गळ उघडे पडले तरच घ्यायचा. कडक रबराचा बेडूक मरळ तोंडात घेते आणि तसाच थुंकते. तिनं झडप घातली की लगेच हिसका मारायचा नाही. एक अंक मोजायचा, दोरा चालू लागला की मग काठी उचलायची. माझे पहिले तीन-चार मासे या घाईतच गेले.

मासा कुठं बसतो ते मला कोणी शिकवावं लागलं नाही. या पाण्याखाली आमची भातखाचरं आहेत. बांध कुठं होता, आंबा कुठं तोडला, विहिरीचा काठ कुठं, हे सासूबाईंना अजून पाठ आहे. काठावर उभ्या राहून त्या बोट दाखवतात, तिथं टाक. आणि बहुतेक वेळा मासा तिथंच असतो, कारण सपाट गाळापेक्षा माशालाही बांधाचा, बुंध्याचा आडोसा आवडतो. पहिल्यांदा आमच्या आंब्याच्या जागी मरळ लागली तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. घरी येऊन मात्र कालवण त्यांनीच केलं.

थोडं जपण्याचं. पदर खोचून घ्या, ओढणी असेल तर गाठ मारा. टाकताना मागे गेलेला गळ सगळ्यात आधी पदरातच शिरतो. थोरल्याच्या अंगठ्यात गळ रुतला तेव्हा शेजाऱ्यांनी पक्कड आणून ओढायला घेतली होती. तसं करू नका. गळाला उलटा काटा असतो, ओढला की मांस फाडतो. दोरा कापायचा, गळ तसाच ठेवून डॉक्टरकडे जायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. आम्ही भोरला नेलं, दहा मिनिटांत निघाला.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत दलदल असते. माझी धाकटी जाऊ दोन वर्षांमागे मांडीपर्यंत रुतली होती. आम्ही पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा, झाकण घट्ट लावून, दोरीला बांधून कायम नेतो. तो तिच्याकडे फेकला, ती त्यावर पोटावर आडवी झाली, आणि आम्ही दोघींनी दोरीनं ओढली. लाइफ जॅकेट घेता आलं तर उत्तमच. डब्याला मात्र एक रुपयाही पडत नाही, त्यामुळे नेला नाही असं कारण सांगू नका. आणि एकटीनं जाऊ नका.

धरणातल्या मासेमारीचा ठेका दिलेला असतो. आपल्या गावच्या संस्थेला किंवा ठेकेदाराला आधी विचारून ठेवा, म्हणजे काठावर वाद नको. पावसाच्या तोंडाला चढणीचे मासे ओढ्यात शिरतात, पोटात अंडी घेऊन. सगळे उपसू नयेत. पावसाळ्यात पाण्यावर लालसर बारीक पिल्लांचा घोळका दिसला तर त्याच्याखाली मरळीचं जोडपं राखणीला असतं. तिथं बेडूक टाकला तर ते हमखास झडप घालणार, म्हणूनच टाकायचा नाही. मायबाप गेले की पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात. आणि कधी मोठ्या खवल्यांचा महसीर लागला तर सोडून द्या. सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली आपल्या पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची माहिती छापली. आता तो नद्यांत इतका कमी झालाय की लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडावी लागतात.

शेवटचं तंगुसाचं. सुटीच्या दिवशी बाहेरून मंडळी येतात, आणि आपलीही पोरं काही कमी नाहीत. तुटलेला दोरा काठावर टाकून जातात. तो कुजत नाही. मागच्या वर्षी एक वंचक त्यात पाय अडकून मेलेला मला सापडला. मी पिशवीत एक प्लास्टिकची बाटली ठेवते, दोऱ्याचा प्रत्येक तुकडा त्यात कोंबते. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की आम्ही दोघी जावा सकाळी उन्हाआधी खाली उतरतो. आंब्याच्या बुंध्याला अडकलेले गळ, बेडूक, दोरे सोडवून आणतो. मागच्या खेपेला चार बेडूक मिळाले, त्यातले तीन अजून चालताहेत, आणि एक थोरल्याच्या त्या पहिल्या संचातला होता.