बाजारपेठेतून एसटीने महाबळेश्वर

महाबळेश्वरला स्वतःची गाडी नसली तरी काही अडत नाही. डॉ. साबणे रस्त्यावरची बाजारपेठ, तिथली चण्यांची आणि चपलांची दुकानं पाहत चालत निघालं की एसटी स्टँड येतो. प्रतापगड दर्शनाची बस इथूनच सुटते. आंबेनळी घाटाची वळणं घेत साधारण 24 किलोमीटर जायचं. 1656 साली बांधून झालेल्या या गडाच्या पायऱ्या मात्र स्वतःच चढायच्या! क्षेत्र महाबळेश्वर तर स्टँडपासून जेमतेम सहा किलोमीटर. तिथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री यांचं पाणी एकाच गोमुखातून पडतं. पाचगणी, वाईच्या साध्या गाड्याही स्टँडवरच मिळतात. बसच्या वेळा बदलतात, तेव्हा आदल्या संध्याकाळीच चौकशी खिडकीवर विचारून ठेवा.