बॅटरीचे आयुष्य आणि चिपचे अर्थकारण

(चिनहट, लखनौ येथे स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



चिनहट झिलईदार मातीच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. मातीत सिलिका असते आणि चिपचा पायाही सिलिकॉनचाच. मात्र मूल्याची निर्मिती त्यावरील प्रक्रियेत होते. आजचा विषय ही प्रक्रिया हाच आहे.

मोबाइल लवकर उतरला की आपण बॅटरीला दोष देतो. वस्तुतः चिपमधील ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना खर्च होणारी शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १ व्होल्टऐवजी ०.८ व्होल्टवर काम भागले, तर अन्य बाबी स्थिर असताना हा खर्च ३६ टक्क्यांनी घटतो. मग दाब आणखी का उतरवू नये? कारण वेग टिकवण्यासाठी ट्रान्झिस्टर सुरू होण्याची पातळीही खाली आणावी लागते आणि मग बंद ट्रान्झिस्टरमधूनही प्रवाह झिरपतो. बंद नळातून थेंब गळावेत तसे. फरक इतकाच की येथे नळ अब्जावधी असतात. ही गळती केवळ आराखड्याने थांबत नाही. २००७ मध्ये इंटेलने हाफ्नियमयुक्त निरोधक थर वापरात आणला, तो कारखान्यातील सुधारणेमुळे.

आपली उणीव नेमकी येथे आहे. आराखडा करणारे अभियंते बंगळूर, नोएडा, पुणे येथे मोठ्या संख्येने आहेत. निर्मिती मात्र परदेशी. मोहालीच्या सेमीकंडक्टर संकुलात १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले, परंतु १९८९ च्या आगीने तो प्रयत्न मागे पडला.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये धोलेरा येथील ९१,००० कोटींच्या प्रकल्पास मान्यता मिळाली; तेथे २८ नॅनोमीटर तंत्राच्या तसेच वीजव्यवस्थापनाच्या चिप योजिल्या आहेत. मे २०२५ मध्ये याच राज्यातील जेवरजवळच्या ३,७०६ कोटींच्या प्रकल्पाला संमती मिळाली. त्याचा भर मोबाइल व इतर उपकरणांचा पडदा चालवणाऱ्या चिपवर आहे. बॅटरीचा मोठा वाटा पडदाच खातो, हे लक्षात घ्या.

सर्वांत सूक्ष्म तंत्राचा हट्ट आपण तूर्त धरू नये, असे माझे मत आहे. वीजव्यवस्थापनाच्या चिपना ते लागतही नाही. मात्र प्रकल्पखर्चाचा निम्मा भार केंद्र उचलत असताना उत्तरपत्रिकेत केवळ गुंतवणुकीचा आकडा लिहून थांबू नका. त्या चिपच्या किमतीतील किती भाग देशात राहतो, हे विचारा. अतिशुद्ध पाणी कोठून येणार, हेही विचारा. आणि अखंड विजेचे काय? क्षणभर दाब खाली आला, तरी प्रक्रियेतील वेफर वाया जाऊ शकतात.