अस्सल आणि नक्कल

सरकारी कचेरीत 'नक्कल' हा शब्द मोठा अब्रूदार आहे. जमिनीचा कागद असो की न्यायालयाचा निकाल असो, त्याची प्रत हवी असली की माणूस नकलेचा अर्ज करतो, ठरलेली फी भरतो, आणि 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा व त्याखाली सही-शिक्का घेऊन समाधानाने घरी जातो. कचेरीचा उंबरठा ओलांडला की मात्र या शब्दाची सारी प्रतिष्ठा मावळते. परीक्षेत नक्कल करणारा विद्यार्थी शिक्षेस पात्र होतो; साहित्यात तीच गोष्ट करणारा लेखक उचल्या ठरतो. एकाच कृतीला आपण एके ठिकाणी पुरावा मानतो आणि दुसऱ्या ठिकाणी अपराध मानतो. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावी, हा वाद गेल्या दोन दशकांत ज्या क्षेत्रात सर्वांत चुरशीने, आणि सर्वांत खर्चिक वकिलांकरवी, लढवला गेला, ते क्षेत्र श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या खिशातच आहे. मी स्मार्टफोनविषयी बोलत आहे.

फोन कोणत्याही नावाने विकला जावो, त्याचे सारे व्यवहार चालवणारी एक मूळ प्रणाली त्याच्या आत असते. चीनमधील बाजार बाजूस ठेवला तर आज जगात अशा दोनच मोठ्या प्रणाली उरल्या आहेत. अ‍ॅपल कंपनीने आपला पहिला आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जगाला दाखवला. गूगलने अँड्रॉइड नावाची एक लहानशी कंपनी २००५ सालीच विकत घेतली होती. तिच्या प्रणालीवर चालणारा पहिला फोन ऑक्टोबर २००८ मध्ये बाजारात आला. अ‍ॅपलने आपली प्रणाली स्वतःच्या यंत्रापुरतीच राखली, तर गूगलने आपली प्रणाली अनेक कारखानदारांच्या हाती दिली. स्वभावाने अशी निराळी असलेली ही दोन घराणी आज एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तर सामान्य माणसाला त्यांतील भेद शोधावा लागतो. हे साम्य आले कोठून?

ते आले उसनवारीतून; आणि ही उसनवारी दोन्ही बाजूंनी झाली. आलेल्या निरोपांची यादी पडद्याच्या वरच्या कडेवरून बोटाने खाली ओढून पाहण्याची सोय प्रथम अँड्रॉइडवर होती. आयफोनवर ती २०११ साली आली. मुख्य पडद्यावरच हवामान किंवा दिनदर्शिका मांडून ठेवण्याची सोय अँड्रॉइडवाल्यांना पहिल्या काही वर्षांतच मिळाली होती. आयफोनधारकाला तिच्यासाठी २०२० सालापर्यंत थांबावे लागले. सॅमसंगने २०११ साली मोठ्या पडद्याचा नोट हा फोन काढला, तेव्हा एवढे अवजड यंत्र कानाला कोण लावणार, असे अनेकांनी विचारले होते. २०१४ साली अ‍ॅपलनेही मोठा आयफोन काढला. उलट दिशेचा प्रवाहही तितकाच वाहता आहे. एखाद्या उपयोजनाला, म्हणजे आपण ज्याला अ‍ॅप म्हणतो त्याला, आपला ठावठिकाणा अथवा कॅमेरा हवा असेल तर त्याने त्या क्षणी आपली परवानगी मागावी, ही शिस्त आयफोनवर आधी रुजली. अँड्रॉइडने ती २०१५ साली स्वीकारली.

यातली एक देवघेव आपल्याला अधिक जवळची वाटेल. एकाच फोनात दोन सिमकार्डे घालण्याची गरज मुळात आपल्यासारख्या देशांतील ग्राहकाची. एक क्रमांक घरचा, एक कामाचा. एका कंपनीचे दर स्वस्त, दुसरीची पोहोच गावापर्यंत. स्वस्त फोन बनवणाऱ्या कारखानदारांनी ही गरज ओळखून आपापल्या परीने तिची सोय केली. अँड्रॉइडच्या मूळ प्रणालीत तिला अधिकृत स्थान २०१५ साली मिळाले, आणि महागड्या आयफोनात दुसऱ्या क्रमांकाला जागा झाली ती २०१८ साली. नक्कल नेहमी श्रीमंताची गरीब करतो, या समजुतीला हे उदाहरण छेद देते.

परंतु मौजेची गोष्ट पुढेच आहे. ज्या कल्पनांसाठी ही दोन घराणी एकमेकांकडे बोट दाखवतात, त्यांतील पुष्कळशा मुळात दोघांच्याही नव्हत. मजकूर एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवण्याची, अर्थात 'कॉपी-पेस्ट'ची, जी रीत आज लहान मुलालाही ठाऊक आहे, ती लॅरी टेस्लर आणि त्यांचे सहकारी यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत गेल्या शतकाच्या आठव्या दशकात घडवली. आयफोनच्या पहिल्या आवृत्तीत ही सोयच नव्हती. ती २००९ साली आली. खुद्द नक्कल करण्याची सोयही अशी नकलेनेच आली, असे म्हटले तर वावगे होणार नाही! तशीच कथा पाम या कंपनीची. चालू असलेली कामे पत्त्यांच्या पानांसारखी ओळीने मांडावी, आणि नको असलेले पान बोटाने वर भिरकावून द्यावे, ही कल्पना पामने २००९ साली बाजारात आणली. २०१० साली ह्यूलेट-पॅकर्डने पाम विकत घेतली आणि ऑगस्ट २०११ मध्ये तिचे फोन बनवणेच थांबवले. ती पाने मात्र आज दोन्ही प्रणालींत जिवंत आहेत. ज्या झाडाचे कलम सर्वत्र लागले, ते झाड मात्र उरले नाही.

मग कायद्याने या बाबतीत काय केले? अ‍ॅपलने एप्रिल २०११ मध्ये सॅमसंगवर अमेरिकेत दावा लावला. त्या खटल्यात सॅमसंगचा एक १३२ पानी अंतर्गत अहवाल पुढे आला. स्वतःच्या फोनची आयफोनशी बाबवार तुलना करून कोठे काय सुधारावे, हे त्यात नमूद केलेले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने सुमारे १०५ कोटी डॉलरांची भरपाई ठरवली. त्यानंतर रक्कम कमी झाली, काही बाबींची फेरसुनावणी झाली, प्रकरण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पुन्हा खाली आले; मे २०१८ मध्ये दुसऱ्या एका ज्यूरीने सुमारे ५४ कोटी डॉलरांचा आकडा सांगितला, आणि पुढच्याच महिन्यात उभयपक्षी तडजोड झाली. सात वर्षांत फोनच्या कित्येक पिढ्या येऊन गेल्या होत्या.

पडद्यावर बोट सरकवून फोन उघडण्याच्या युक्तीचे उदाहरण तर अधिकच बोधप्रद आहे. या युक्तीवर अ‍ॅपलने एकस्व, म्हणजे पेटंट, मिळवले होते. अमेरिकेतील न्यायालयांत ते बऱ्याच चढउतारांनंतर टिकले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ साली ते रद्द ठरवले; कारण निओनोड या स्वीडिश कंपनीच्या फोनात जवळजवळ तीच युक्ती आयफोनच्या आधी होती. आणि हा वाद पुरता मिटण्याआधीच, २०१६ साली, खुद्द अ‍ॅपलने आपल्या फोनातून ही रीत काढून टाकली. ज्या वाड्यासाठी भाऊबंदकी चालू होती, तो वाडा मालकानेच पाडून टाकावा, तसा हा प्रकार झाला.

दुसरा मोठा खटला ओरॅकल आणि गूगल यांचा. अँड्रॉइड घडवताना गूगलने जावा या संगणकीय भाषेच्या मांडणीतील सुमारे ११,५०० ओळी जशाच्या तशा घेतल्या होत्या. उद्देश असा की, जावा जाणणाऱ्या लक्षावधी कारागिरांना नव्या प्रणालीवर काम करताना पुन्हा मुळाक्षरे गिरवावी लागू नयेत. २०१० साली सुरू झालेल्या या वादाचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने दिला आणि हा वापर न्याय्य ठरवला. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात, नुसत्या संगणकीय कार्यक्रमाला पेटंट मिळणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. कल्पना सर्वांची आणि तिची विशिष्ट मांडणी कर्त्याची, ही विभागणी कागदावर सोपी दिसते. व्यवहारात मात्र ती किती निसरडी आहे, हे या खटल्यांनी दाखवून दिले.

माझे स्वतःचे मत असे की, सोयींच्या नकलेवर फार आगपाखड करू नये. मोटारीचा ब्रेक कोणत्या पायाखाली असावा, हे प्रत्येक कारखानदाराने निराळे ठरवले असते तर रस्त्यांवर काय अनर्थ माजला असता, याची कल्पना करावी. एका फोनावर शिकलेला हात दुसऱ्या फोनावर चालावा, यात ग्राहकाचे स्वातंत्र्य आहे. ज्याला यंत्र बदलताना सारे नव्याने शिकावे लागते, तो यंत्र बदलतच नाही. आणि बदलू न शकणाऱ्या गिऱ्हाइकाची दुकानदाराला फारशी पर्वा उरत नाही. येथे कधी कधी राज्यसंस्थेलाही नक्कल सक्तीची करावी लागते. युरोपीय संघाने २०२२ साली सर्व फोनांना एकाच प्रकारची भरणखाच असावी असा कायदा केला. २०२३ च्या आयफोनात ती आली, आणि घरातील दोन निरनिराळ्या तारांपैकी एक कमी झाली.

तथापि नकलेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. स्पर्धक थोडे असले की गुणांप्रमाणे अवगुणांचीही नक्कल होते. अ‍ॅपलने २०१६ साली कर्णयंत्राची गोल खाच काढून टाकली, तेव्हा गूगलने व सॅमसंगने जाहिरातींतून तिची टर उडवली. गूगलने पुढच्याच वर्षी, आणि सॅमसंगने २०१९ साली आपल्या महागड्या फोनातून तीच खाच काढली. खोक्यात चार्जर न देण्याची प्रथाही २०२० साली अशीच सुरू झाली व काही महिन्यांत दुसरीकडे पोहोचली. दहा दुकाने असलेल्या पेठेत एकाने माप मारले तर गिऱ्हाईक शेजारी जाते. दोनच दुकाने असली, आणि दुसऱ्यानेही तेच माप उचलले, तर गिऱ्हाइकाने जावे कोठे?

याहून गंभीर प्रश्न असा की, नक्कल करणारा कोण आहे? समजा, बाजार समितीचा जो सचिव गाळे वाटतो, नियम करतो आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क घेतो, तोच आवारात स्वतःचे दुकान थाटून बसला, तर बाकीच्या गाळेधारकांनी काय करावे? फोनच्या जगात नेमकी हीच स्थिती आहे. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडद्याचा निळा प्रकाश कमी करणारा फ्लक्स नावाचा एक कार्यक्रम होता. तो आयफोनवर आणण्याचा त्याच्या कर्त्यांचा प्रयत्न नोव्हेंबर २०१५ मध्ये, नियमभंगाच्या कारणावरून अ‍ॅपलने थांबवला. मार्च २०१६ मध्ये तशीच सोय अ‍ॅपलने स्वतः दिली. मुलांच्या फोनवापरावर मर्यादा घालण्याची सोय अ‍ॅपलने २०१८ साली दिली, आणि त्यानंतरच्या काळात तेच काम करणाऱ्या अनेक उपयोजनांना दुकानातून काढले अथवा त्यांच्यावर निर्बंध घातले. ती उपयोजने ग्राहकाच्या खासगीपणास धोकादायक होती, असे अ‍ॅपलचे उत्तर आहे, आणि ते विचारात घेतलेच पाहिजे. पण फिर्यादी, न्यायाधीश आणि प्रतिस्पर्धी ही तीनही आसने एकाच्याच ताब्यात असली, तर खऱ्या उत्तरावरही विश्वास बसणे कठीण जाते.

कचेरीतील नकलेला मान का असतो? नक्कल दिल्यावरही अस्सल दप्तरात जागच्या जागी सुरक्षित राहते म्हणून. मला वाटते, हीच कसोटी येथे लावावी. नकलेनंतरही मूळ कर्त्याला बाजारात उभे राहण्यापुरती जागा उरत असेल, तर ती नक्कल विद्येचा प्रसार समजावी. जेथे नक्कल करणाऱ्याच्याच हाती दाराची किल्ली आहे, तेथे राज्यसंस्थेने सावध राहिले पाहिजे. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या संदर्भात गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तो याच जातीच्या प्रश्नावरून. गूगलची उपयोजने कारखानदारांना गठ्ठ्यानेच घ्यावी लागत, हा त्यातील एक मुख्य आक्षेप होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. त्याआधीच, जानेवारी २०२३ मध्ये, भारतातील कारखानदारांना उपयोजने सुटी घेता येतील असे गूगलने जाहीर केले होते.

श्रोतेहो, हा दोन धनाढ्य परदेशी कंपन्यांतील तंटा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. पण पुण्यात, इंदुरात किंवा बंगळुरात बसून एखादी नवी सोय घडवणारा तरुण याच दोन आवारांत गाळा मागतो. त्याची कल्पना उचलली जाईल, ही भीती त्याने पत्करलीच पाहिजे. तो धंद्याचा नित्यक्रम आहे. उचलल्यानंतर त्याला आवाराबाहेर घालवले जाणार नाही, एवढी हमी मात्र त्याला मिळाली पाहिजे. ती देणे कोणत्याही कंपनीच्या औदार्यावर सोपवण्याजोगे नाही. ते कायद्याचे काम आहे, आणि कायदा करून घेणे हे तुमचे-आमचे.