सागरी मैल, योजन आणि सूर्याचे अंतर



मराठी शिकवणाऱ्या माणसाने समुद्र आणि आकाश मोजण्याच्या भानगडीत का पडावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. त्याचे कारण याच सभागृहात घडले. पंचवीसेक वर्षांपूर्वी देवासच्या या ग्रंथालयात मी प्राचीन भारतीय गणितावर बोललो होतो. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १०५० योजने सांगितला, सूर्यसिद्धान्ताने १६०० योजने. पहिल्याला मी आठ मैलांचे योजन लावले, दुसऱ्याला पाच मैलांचे, आणि दोन्ही उत्तरे आजच्या ७९१८ मैलांच्या जवळ येतात हे दाखवून टाळ्या मिळविल्या. सभा संपल्यावर मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध सभासद जवळ आले आणि म्हणाले, "प्राध्यापकसाहेब, कापडाच्या दुकानात दोन गज ठेवणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात?" मी निरुत्तर झालो. आजचे व्याख्यान हे त्यांना उशिरा दिलेले उत्तर आहे. ते ऐकायला ते आज हयात नाहीत.

योजनाचे कोष्टक भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक कोस, चार कोसांचे एक योजन. म्हणजे बत्तीस हजार हात. हात दीड फुटाचा धरला तर योजन नऊ मैलांचे होते आणि सूर्यसिद्धान्ताची पृथ्वी साडेचौदा हजार मैल व्यासाची होऊन बसते. मग आपण काय करतो? पृथ्वीचा आजचा व्यास घेतो, त्याला १६०० ने भागतो, 'योजन पाच मैलांचे' असे ठरवतो, आणि तेच पाच मैल पुन्हा १६०० ने गुणून पूर्वजांची अचूकता सिद्ध करतो! यात पूर्वजांचा गौरव नाही आणि गणितही नाही.

खलाशांपुढे हीच अडचण निराळ्या रूपाने होती. समुद्रावर दंड टाकता येत नाही, कोसाचे दगड रोवता येत नाहीत. म्हणून त्यांनी अंतर आकाशावरून घेतले. अरबी समुद्रातील नाखवे हात लांब करून ध्रुवताऱ्याची उंची बोटांनी मोजीत. त्या बोटाला अरबीत 'इसबा' म्हणत. एका बोटाचे आठ 'जाम' धरीत, आणि जाम म्हणजे तीन तासांची वाटचाल, आपला प्रहरच. बोट सुमारे ९६ कलांचे मानले तर जाम सुमारे बारा सागरी मैलांचा होतो. सागरी मैलाची मूळ कल्पनाही अशीच आहे: पृथ्वीच्या परिघावर एका कलेने दाखविलेले अंतर. वर्तुळाच्या कला २१,६००. म्हणून पृथ्वीचा परिघ २१,६०० सागरी मैलांचा. १९२९ मध्ये हा मैल १८५२ मीटरांचा ठरविण्यात आला.

ज्या धारहून मी आज आलो, त्या नगरीच्या भोजराजाच्या नावावर नौकांचे प्रकार सांगणारा 'युक्तिकल्पतरु' आहे आणि शके ९६४ चा 'राजमृगांक' हा करणग्रंथही आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या राजाच्या नावावर ही जोडी असावी, याची मला मौज वाटते. अर्थात त्या ग्रंथात जहाजांची मापे हातांत आहेत. प्रवासाची अंतरे तेथे शोधू नयेत.

आता आकाशाकडे वळू. आर्यभट म्हणतो, चंद्रकक्षेवर एक कला म्हणजे दहा योजने. सूर्यसिद्धान्त म्हणतो, पंधरा योजने. खलाशाने पृथ्वीच्या परिघाशी जे केले तेच येथे चंद्राच्या कक्षेशी केले आहे! २१,६०० ला दहाने गुणले की आर्यभटाची चंद्रकक्षा २,१६,००० योजनांची, आणि पंधराने गुणले की सूर्यसिद्धान्ताची ३,२४,००० योजनांची. आकडे जुळत नाहीत. पण ज्याच्या त्याच्या कक्षेची त्रिज्या काढून ज्याच्या त्याच्या पृथ्वीच्या त्रिज्येने भागा. आर्यभटाचा चंद्र साडेपासष्ट त्रिज्यांवर येतो, सूर्यसिद्धान्ताचा साडेचौसष्टांवर. आजचे सरासरी मान साठांहून किंचित अधिक आहे. येथे मैल लागला नाही आणि हातही लागला नाही. दोन गजांनी मोजलेले कापड एकच निघाले, कारण प्रत्येकाने आपल्या गजाने कापडही मोजले आणि दुकानही!

सूर्याची गोष्ट मात्र अशी सुखाची नाही. सूर्यसिद्धान्तातील सूर्यकक्षा ४३,३१,५०० योजनांची आहे. त्रिज्या काढली तर सूर्य पृथ्वीच्या ८६२ त्रिज्यांवर येतो. वास्तवात तो सुमारे २३,५०० त्रिज्यांवर आहे. म्हणजे सत्तावीस पटींची चूक. सागरी मैलांत बोलायचे तर सिद्धान्ताचे अंतर २९ लाखांच्या घरात, आणि २०१२ मध्ये निश्चित केलेले खगोलीय एकक ८ कोटी ७ लाख ७६ हजार सागरी मैलांचे. योजन कितीही ताणले तरी ही दरी बुजत नाही.

ती पडली कशी, हे पाहण्यासारखे आहे. चंद्र जवळ असल्याने त्याचे लंबन दिसते. सिद्धान्तात ते त्रेपन्न कलांहून किंचित अधिक येते, आज सरासरी सत्तावन्न मानतात. सूर्याचे लंबन नऊ विकलांहूनही कमी, नुसत्या डोळ्यांना अगम्य. तेव्हा आचार्यांनी एक गृहीत धरले: सर्व ग्रह रोज सारखीच योजने चालतात. सूर्याचा फेरा चंद्राच्या फेऱ्याच्या १३.३७ पट काळाचा, म्हणून कक्षाही तितक्याच पटीची. चंद्राचे अंतर वेधाच्या आधारावर उभे आहे, सूर्याचे तर्काच्या. त्यांना एकाच मखरात बसवणे मला आता योग्य वाटत नाही.

आपल्या परिसराशी याचा संबंध आहे. लंकेपासून कुरुक्षेत्रापर्यंतची शून्य रेखा उज्जयिनीवरून जाते. तिच्या पश्चिमेस धार, पूर्वेस देवास. दोहोंच्या रेखांशांत सुमारे ४५ कलांचा फरक आहे, म्हणून देवासचा मध्यान्ह धारच्या आधी तीन मिनिटे होतो. पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ७७ किलोमीटर. सूर्यसिद्धान्ताच्या पृथ्वीशी जुळणाऱ्या योजनाने ते साडेनऊ योजनांहून किंचित अधिक भरते, आणि बत्तीस हजार हातांच्या योजनाने सव्वापाच. पंचांगकर्त्याने परिघ सिद्धान्ताचा घेतला आणि वाट दुसऱ्या योजनाने मोजली, तर देशांतराच्या तीन मिनिटांतली जवळजवळ दीड मिनिटे हरवतात. त्या वृद्ध गृहस्थांचा दोन गजांचा प्रश्न असा थेट पंचांगात येऊन पोहोचतो.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या व्याख्यानानंतर मी येथली त्याची प्रत वाचायला नेली, तेव्हा समासात बारीक अक्षरांत आकडेमोड आढळली. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये हा नियम मला ठाऊक आहे, आणि नियम बरोबरच आहे. पण चंद्राच्या आकड्याखाली पेन्सिलीने ओढलेली रेघ आणि सूर्याच्या आकड्यापुढचे प्रश्नचिन्ह पाहून ते हस्ताक्षर कोणाचे, हे ग्रंथपालांना विचारण्याची मला गरज पडली नाही.