एकच स्टेपनी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझी सगळी नोकरी रस्त्यांवर गेली. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातल्या दुष्काळी कामांवर मी पहिल्यांदा मस्टर हातात घेतले आणि निवृत्त होईपर्यंत खडी, मुरूम आणि मोऱ्या हेच माझे जग राहिले. त्यामुळे कच्च्या रस्त्याविषयी मला कुणी काही शिकवावे, हे मला फारसे रुचत नसे. ही खोड वयाच्या सत्तराव्या वर्षी, घरापासून हजारो मैलांवर कशी मोडली, ते आज सांगणार आहे.

आमचा मुलगा ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड शहरात असतो. २०१९ च्या जुलैमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे होतो. त्या वर्षाच्या सुरुवातीला क्वीन्सलंडमध्ये मोठा पूर आला होता आणि ते पाणी शेकडो मैल वाहत जाऊन वाळवंटातल्या लेक एअर या खाऱ्या सरोवरात उतरले होते. हे सरोवर एरवी मिठाचे कोरडे मैदान असते. समुद्रसपाटीपासून पंधरा मीटर खाली, आणि पूर्ण भरले तर जवळजवळ आमच्या बीड जिल्ह्याएवढे. तिथले मूळ रहिवासी अरबाना लोक त्याला कटी थांडा म्हणतात. मुलगा म्हणाला, ''बाबा, असं पाणी नेहमी येत नाही. जाऊ या.'' मुलगा, सूनबाई, आठ वर्षांची नात आणि आम्ही दोघे, असे पाचजण निघालो.

निघताना मुलाने टपावर दोन स्टेपन्या बांधल्या. शिवाय पाण्याचे कॅन, पंप, पांघरुणे. मी खाली उभा राहून हसत होतो. म्हटले, ''अरे, पन्नास माणसं घेऊन जाणारी आपली एस.टी. एका स्टेपनीवर चालते. उगाच भार कशाला?'' आमच्या बॅगांनाही जागा हवी होती. बापाचा मान राखून त्याने एक स्टेपनी उतरवून गॅरेजमध्ये ठेवली.

मारी नावाच्या खेड्यापासून ऊडनडाटा ट्रॅक सुरू होतो. तिथून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटर कच्चा रस्ता. वाटेत विल्यम क्रीक आणि ऊडनडाटा ही दोनच वस्तीची ठिकाणे. पहिल्याला खेडे म्हणावे तर माणसे मोजायला दोन हातांची बोटे पुरतात. आणि दुसऱ्या ठिकाणी २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदले गेले आहे!

हा रस्ता असा आडवळणाने का जातो, हे मला आधी कळेना. मग झरे दिसू लागले. जमिनीच्या पोटात खोलवर साठलेले पाणी इथे ठिकठिकाणी आपोआप वर येते. अरबाना लोकांच्या पायवाटा या झऱ्यांवरून जात. १८७२ मध्ये पुरी झालेली तारायंत्राची लाइन त्याच अंगाने गेली, उंटांचे तांडे तसेच गेले आणि वाफेच्या इंजिनांना पाणी हवे म्हणून आगगाडीही तिथूनच नेली. ती गाडी १९८० मध्ये या मार्गावरून बंद झाली. आता रुळांविना उरलेले पूल तेवढे उभे आहेत. पाणी पाहून रस्ता आखायचा, हे शहाणपण आमच्या खात्याला शिकवायला कुणी नव्हते.

मारीत उंटवाल्यांनी बांधलेल्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती आहे. या उंटवाल्यांना तिथे सरसकट 'अफगाण' म्हणत; पण त्यांतले कितीतरी बलुचिस्तान, पंजाब, सिंध या भागांतले होते. १८६० च्या दशकात उंटांचा पहिला मोठा तांडा कराची बंदरातून ऑस्ट्रेलियाला गेला, आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होते. हे कळल्यावर तो मुलूख मला एकदम कमी परका वाटू लागला.

रस्ता म्हणाल तर पन्हाळी पत्र्यासारखा. सगळा देह खिळखिळा होतो. चाक एका बारीकशा उंचवट्यावर उडते, पुढे आपटते, तिथली माती मागेपुढे सारते. पुढच्या गाडीचे चाक त्याच खड्ड्यात आपटते आणि वळ्या खोल होत जातात. हे मला ठाऊक होते. पण मुलाने उतरून चारी चाकांतली हवा कमी केली, तेव्हा मात्र मी पुन्हा हसलो. हवा कमी केली की टायर दगडावर बसतो, फाटत नाही, असे तो म्हणाला. मी म्हटले, ''बघू.''

समोरून तासाभरात एखादी गाडी येई. प्रत्येक चालक स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून नमस्कार करी. नातीने लगेच ते उचलले.

विल्यम क्रीकला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही सरोवराकडे, हॅलिगन बेच्या फाट्याला वळलो. आत सुमारे साठ किलोमीटर धारदार दगडगोटे आणि वाळू. निघताना मुलाने मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवले, ''सात वाजेपर्यंत आलो नाही तर शोधायला या.'' मला ते भ्याडपणाचे वाटले. वाटेत एका तरुणीच्या स्मरणार्थ उभारलेली खूण दिसली. मुलाने गाडी हळू केली, पण नातीकडे पाहून काही बोलला नाही.

सरोवरावर पोचलो. समोर पांढरेशुभ्र मीठ आणि लांबवर चमकणारी एक रेघ. ते पाणी की मृगजळ, यावर आमचे एकमत झाले नाही. पण ती शांतता मी कधीही विसरणार नाही.

परतताना पहिला टायर कापला गेला. स्टेपनी लावली. दहा किलोमीटरवर दुसरा गेला. दुपारचे तीन वाजले होते. मोबाइलला रेंज नव्हती. गाडीत कुणी काही बोलेना. गॅरेजमधली ती स्टेपनी मला डोळ्यांसमोर दिसत होती. तासभर बसलो आणि मग माझ्याने राहवेना. पाण्याची बाटली उचलली आणि म्हटले, ''मी फाट्यापर्यंत जातो. तीस-पस्तीस किलोमीटर काही फार नाही. नोकरीत खूप चाललोय.''

मुलगा समोर येऊन उभा राहिला. ''बाबा, गाडीत बसा.''

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला हुकूम केला. मग बाजूला नेऊन हळू आवाजात सांगितले. ती खूण एका ऑस्ट्रियन तरुणीची होती. १९९८ च्या डिसेंबरात तिची गाडी सरोवरापाशी वाळूत रुतली. मदत येईना म्हणून ती पाणी घेऊन चालत निघाली आणि सुमारे तीस किलोमीटरवर उन्हाने गेली. जोडीदार माघारी फिरून गाडीपाशी थांबला, तो वाचला. १९६३ मध्ये बर्ड्सव्हिलच्या वाटेवर असेच एक पाचजणांचे कुटुंब पेट्रोल संपल्यावर गाडी सोडून निघाले. पाचही जण गेले. ''गाडी वरून दिसते, बाबा. माणूस दिसत नाही.''

पाचजणांचे कुटुंब. आम्हीही पाचच होतो. मी गाडीत जाऊन बसलो. दिवस थंडीचे होते, पाणी भरपूर होते, सातनंतर शोधायला येणारे होते. तो ज्याला ज्याला जपत होता आणि मी ज्याला ज्याला हसलो होतो, तेच आता आमच्याकडे शिल्लक होते. ही बाई एरवी मला सोडत नाही, पण त्या दिवशी तिनेही काही न बोलता माझ्या अंगावर शाल टाकली.

दिवस मावळता मावळता धूळ दिसली. साठी-पासष्टीचे एक जोडपे सरोवराकाठी तंबू ठोकायला निघाले होते. तो माणूस उतरला आणि कुठले-कोण न विचारता गुडघे टेकून टायरपाशी बसला. कापलेल्या जागी चिकट दोऱ्यांची तीन ठिगळे ठोकली, पंपाने हवा भरली. मुलगा पैशांचे बोलला, तर त्याला ते समजलेच नाही असे त्याने दाखवले. मग म्हणाला, ''हे टिकेल असं वाटतं. पण आम्ही मागून येतो.'' आपला तंबू, आपले सरोवर सोडून ते दोघे विल्यम क्रीकपर्यंत आमच्या मागे आमची धूळ खात आले. दिवे दिसल्यावर एकदा हॉर्न वाजवला आणि अंधारात परत वळले. नाव विचारायचे राहूनच गेले.

त्या रात्री मी मुलाला म्हटले, ''दुसरी स्टेपनी मी उतरवायला लावली.'' तो म्हणाला, ''जेवा आता, गार होतंय.'' त्यानंतर आजतागायत त्याने तो विषय काढलेला नाही.

परत आल्यावर मला एक सवय लागली आहे. गावाकडच्या रस्त्यावर स्कूटरवरून जाताना समोरून कुणी आले की माझे एक बोट आपसूक वर होते. लोकांचा गोंधळ उडतो. परवा एक ट्रॅक्टरवाला चक्क थांबला आणि म्हणाला, ''काय झालं, काका? पेट्रोल संपलं का?''

मी म्हटले, ''नाही रे बाबा. पण तू थांबलास, बरं वाटलं.''