माजी खेळाडू आणि आपण

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



माझे नाव वक्त्यांच्या यादीत पाहून काहींना आश्चर्य वाटले असेल. मी वक्ता नाही. सरकारी नोकरीत पाण्याच्या पाइपलाइनी बघणारा माणूस. आपल्या या सभेत नाट्यसंगीतावर, संतसाहित्यावर उत्तम भाषणे झाली आहेत. मी विषय दिला फुटबॉल. सचिव म्हणाले, "अहो, मराठी मंडळात फुटबॉल?" मी म्हटले, आपल्यात कोल्हापूरची चार-पाच घरे आहेत, त्यांना विचारा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावे घेतली की त्यांच्या चेहऱ्यावर काय येते ते बघा. तालमीच्या नावावर अख्खी पेठ शाहू स्टेडियमवर लोटते. तेव्हा फुटबॉल मराठी माणसाला परका नाही. आणि आपण तर गोव्यात राहतो. इथला तो राज्यखेळच आहे.

पण मी आज खेळाविषयी बोलणार नाही. खेळून झालेल्या माणसांविषयी बोलणार आहे. ज्यांचे बूट माळ्यावर गेले, पण ज्यांना बाजारात बघितले की आपण अजून बायकोला कोपराने खुणावतो, "तो बघ, तो!", त्यांच्याविषयी.

१९९८-९९ साली मी डिप्लोमाला होतो. त्या हंगामात साळगांवकर क्लबने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. गोव्यातल्या क्लबने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. ब्रुनो कुतिन्हो तेव्हा आम्हा पोरांचा देव होता. खिशात बसभाड्यापुरते पैसे असायचे. फातोर्ड्याला जायचे, ओरडायचे, शेवटची बस चुकली तर चालत यायचे. पुढे धेंपोचा काळ आला. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे. २००८ साली एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. संघात समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. पुढे रँटी मार्टिन्स, ज्याने २०११-१२ च्या एकाच लीगमध्ये ३२ गोल केले. ही नावे मी कागदावर बघून सांगत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. माझ्या खात्याची परिपत्रके मला इतकी पाठ नाहीत.

मग उतरण लागली. २०१५ साली धेंपो खालच्या विभागात घसरला. पुढच्याच वर्षी दुसरा विभाग जिंकून वर आला. पण त्याच २०१६ साली साळगांवकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिघांनीही राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. राष्ट्रीय संघटनेच्या नव्या आराखड्यात आपल्याला मानाचे स्थान उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कोण बरोबर, कोण चूक, यात मी पडत नाही. इतकेच सांगतो की देशात पहिले येणारे क्लब राज्याच्या लीगपुरते उरले. जिथे हजारो माणसे असायची तिथे शंभर-दोनशे दिसू लागली.

अशा वेळी चाहत्याच्या हातात काय राहते? चषक कंपनीच्या कपाटात. मैदान सरकारचे. क्लबचे मालक दुसरेच. आपल्या हातात राहतात ती फक्त माणसे. म्हणूनच लहान झालेल्या क्लबचे चाहते जुन्या खेळाडूंवर मोठ्या क्लबवाल्यांपेक्षा जास्त माया करतात, असे मला वाटते. मोठ्या क्लबला दरवर्षी नवा तारा मिळतो. आपल्याला मिळत नाही. म्हणून आपण जुना जपतो.

यातले दुसरे कारण अधिक घरगुती आहे. युरोपातला खेळाडू टीव्हीत राहतो. आपला खेळाडू आपल्या वाड्यावर राहतो. तो मासळी घ्यायला येतो, जत्रेत नाटकाला आपल्या पुढच्या रांगेत बसतो, चवथीच्या माटोळीचे सामान घेताना भाव करतो. जत्रेतल्या नाटकात एकदा गाजलेल्या नटाला गाव जसा म्हातारपणीही त्या भूमिकेच्या नावाने हाक मारतो, तसेच हे आहे.

एका खेळाडूची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. तो आपल्या वाड्यावरचा नव्हता. क्रिस्तियानो ज्युनियर, ब्राझीलचा, वय २५. धेंपोत येऊन त्याला काही महिनेच झाले होते. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. धेंपोने तो २-० असा जिंकला. दोन्ही गोल त्याचे. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. क्लबने त्याची १० नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. पुरता एक हंगामही तो आपल्याकडे खेळला नाही. पण त्या वेळचा कुठलाही धेंपोवाला भेटू दे, त्याचे नाव निघाले की तो क्षणभर गप्प होतो. किती वर्षे खेळला याच्या हिशोबावर ही माया चालत नाही.

इथपर्यंत सगळे गोड झाले. आता थोडे कडू बोलतो. ते बोलायचे म्हणूनच मी आज उभा आहे.

मोठ्या क्लबांखेरीज मी आमच्या भागातल्या एका लहान क्लबच्या मॅचेसही बघायचो. राज्याच्या खालच्या विभागातला क्लब. बूट स्वतःचे, जेवण घरचे. त्यांचा एक स्टॉपर बॅक होता, उंच, शांत, कामावरून सायकलने थेट मैदानावर येणारा. एका महत्त्वाच्या मॅचमध्ये, शेवटची दहा मिनिटे राहिलेली असताना, त्याने गोलकीपरला बॅकपास दिला तो कमी पडला. समोरच्या पोराने गोल केला. क्लब त्या वर्षी आणखी खाली उतरला. आम्ही दहा-बारा पोरे कुंपणाजवळ उभी होतो. आम्ही त्याला काय काय म्हणालो ते या व्यासपीठावरून सांगता येत नाही. त्याच्या आईचा उद्धार केला, पैसे खाल्लेस असे ओरडलो. तो मैदानातून बाहेर पडेपर्यंत आम्ही थांबलो नाही. मी सर्वांत पुढे होतो.

वीसेक वर्षांनी नळजोडणीच्या एका अर्जाची जागेवर पाहणी करायला मी एका घरी गेलो. साठीकडे झुकलेले गृहस्थ, गुडघ्यामुळे पाय ओढत चालणारे. पाइप कुठून आणायचा ते त्यांनी दाखवले. मोजमाप झाले. पाणी प्या म्हणून आत बोलावले. भिंतीवर एका टीमचा फोटो होता, ओलीने कडेला तपकिरी झालेला. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे तेच होते.

मी म्हटले, "तुम्ही खेळायचात. मी बघायला यायचो." त्यांचा चेहरा उजळला. मग स्वतःच म्हणाले, "मग ती बॅकपासची मॅच पण बघितली असशील." आम्ही कोकणीतून बोलत होतो, मी मराठीत सांगतो. मी मान हलवली. ते म्हणाले, "त्या दिवशी पोरांनी फार शिव्या दिल्या. घरी येऊन मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जायची लाज वाटली. पण त्यानंतरही मी दोन वर्षे खेळलो. त्या दोन वर्षांत कुंपणाजवळ कोणीच नसायचे. तेव्हा वाटले, शिव्या देणारी पोरे तरी यायची."

मी पाणी प्यालो आणि निघालो. 'त्यातला एक मी' हे सांगायला तोंड उघडले नाही. अर्ज रीतसर होता, जोडणी रीतसर झाली. त्यांनी खेळाडू म्हणून कसली सवलत मागितली नाही आणि मीही काही जास्त केले नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचे कळले. आज हे बोलतो आहे ते त्यांना सांगायचे राहून गेले म्हणून.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. आपण खेळाडूवर तो 'माजी' झाल्यावरच प्रेम का करतो? खेळत असतो तेव्हा त्याची प्रत्येक चूक मोजतो. बूट टांगले की त्याच चुका आठवणी होतात. मोठ्यांच्या बाबतीतही असेच घडते. ब्रह्मानंद शंखवाळकर, ताळगावचे, भारताचे कर्णधार झालेले गोलरक्षक. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ साली, आणि पद्मश्री मिळाली २०२२ साली. खेळ संपून किती वर्षे झाली होती! मान मिळाला याचा आनंदच आहे. पण गोलपोस्टमध्ये उभ्या असलेल्या माणसाला ती टाळी ऐकू यायला हवी होती.

माया खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती उशिरा येते, एवढेच. उशिरा आलेल्या मायेचेही काम होते, तेही सांगतो. २०२४ साली धेंपो दुसऱ्या पातळीवरच्या आय-लीगमध्ये परत आला, तेव्हा प्रशिक्षक होता समीर नाईक, धेंपोच्या विजेत्या संघाचा बचावपटू. क्लिफर्ड मिरांडाने प्रशिक्षक म्हणून २०२३ साली ओडिशा संघाला सुपर कप जिंकून दिला. जुना माणूस फक्त फोटोत ठेवायचा नसतो, त्याच्याकडून पुढच्या पोराला शिकवून घ्यायचे असते. मोठ्या नावांना ती संधी मिळते. खालच्या विभागातल्या स्टॉपर बॅकला कोणी बोलावत नाही.

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवतो. खर्च जवळजवळ नाही.

पहिली. आपल्या भागातल्या क्लबांतून खेळलेल्यांची एक वही करू. नाव, वर्षे, कुठल्या जागी खेळायचा, एवढेच. ज्यांच्या घरी जुने टीम फोटो असतील त्यांचे मोबाइलवर फोटो काढून घेऊ. आपल्या पावसाळ्यात कागद किती टिकतो ते तुम्हाला माहीत आहे. फोटोतली नावे सांगणारी माणसे त्याहून लवकर जात आहेत.

दुसरी. गणेशोत्सवात आपण दहावी-बारावीच्या मुलांचा गौरव करतो. त्याच संध्याकाळी दोन जुन्या खेळाडूंना आरतीला बोलावू. शाल-श्रीफळ दिले तर उत्तम, नाही दिले तरी चालेल. पण मुलांसमोर त्यांना दोन शब्द बोलू द्या.

तिसरी माझ्यासारख्यांसाठी. लीगच्या मॅचला जा. मोकळ्या स्टेडियमवर सतरा वर्षांचा मुलगा खेळत असतो. तो चुकेल. तेव्हा तोंड आवरा. वीस वर्षांनी त्याच्याच घरी तुम्हाला पाणी प्यायचे असेल.

वहीचे पहिले पान मी लिहून आणले आहे. पहिले नाव त्या स्टॉपर बॅकचे आहे. त्यांच्या मुलाची परवानगी घेतली आहे, आणि ती घेताना कुंपणाजवळ कोण उभे होते तेही त्याला सांगितले आहे. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग आत गेला आणि भिंतीवरचा फोटो काढून माझ्या हातात दिला, म्हणाला, "नीट कॉपी काढून परत आणा." फोटो आज इथे मागच्या टेबलावर आहे. जाताना बघून जा. कोणाला त्यातले आणखी एखादे नाव ओळखता आले तर मला सांगा.

गणपती बाप्पा मोरया!